‘नाही’ म्हणण्याचा तास

(बिलोली येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



सुरुवात तक्रारीनंच करते. आजच्या पत्रिकेवर विषय छापलाय ‘दिव्यांगांचे भावविश्व’. मी कळवलेला विषय वेगळा होता. पत्रिका छापायला जायच्या आदल्या रात्री फोन आला, ‘मॅडम, एक शब्द तेवढा बदलू का? पत्रिका घरोघर जाते, लेकीसुना वाचतात.’ मी म्हटलं, खुशाल बदला. बोलायला तर मीच उभी राहणार होते. तर मूळ विषय असा: दिव्यांग मुलामुलींचं लैंगिकता शिक्षण. झालं, म्हणून टाकला. उजवीकडे सतरंजीवर बसलेल्या दोघीतिघींनी पदर तोंडाला लावलेला मला इथून दिसतोय. हसा की. हसण्यानं हा विषय बिघडत नाही, कुजबुजण्यानं बिघडतो.

मी याच पट्ट्यातली. अर्धं गाव घरात तेलुगू बोलतं आणि बाजारात मराठी, असल्या सीमेवरच्या गावात वाढले. बावीस वर्षं निवासी विशेष शाळेत शिकवते. आधी आमच्या मुलांना मतिमंद म्हणायचे, आता कागदावर बौद्धिक दिव्यांग म्हणतात, गल्लीत मात्र ‘येडं’ हाच शब्द चालतो. शब्दांच्या वादात मी फार वेळ घालवणार नाही. मला आज एकच गोष्ट सांगायची आहे, ती माझ्या चुकीपासून सुरू होते.

नोकरीला लागले त्या वर्षी प्रत्येक मुलाचा एक तक्ता भरायचा होता. त्यात रकाने असे: सांगितलेलं ऐकतो का, एका जागी शांत बसतो का, मोठ्या माणसांना नमस्कार करतो का. तिन्ही ठिकाणी ‘हो’ आलं की मूल सुधारलं. मी मन लावून सुधारत होते. पंधरा ऑगस्टला पाहुणे केळी वाटायला यायचे, गाल ओढायचे, मांडीवर घ्यायचे, फोटो काढायचे. एखादं पोर अंग चोरायला लागलं तर मीच पुढं ढकलायची, ‘काकांना शेकहँड कर, असं नाही करायचं.’ त्यातून आमच्या लेखी गुणी मूल कोणतं ठरलं? कुणीही अंगाला हात लावला तरी गप्प बसणारं.

मग एके सकाळी शाळेच्या गाडीत मी डोकावले. तेरा वर्षांची एक मुलगी ड्रायव्हरच्या मांडीवर बसलेली. तो माणूस दोनच आठवड्यांपूर्वी कामावर आला होता. मी तिला खाली उतरवलं, विचारलं, ‘तिथं का बसलीस?’ ती माझ्याकडं बघून शाबासकीच्या अपेक्षेनं हसली. म्हणाली, ‘काकानं सांगितलं.’

सांगितलेलं ऐकलं होतं तिनं. माझ्याच तक्त्यातला पहिला रकाना.

त्या दिवसापासून आमच्या वर्गात गुरुवारी दुपारी एक तास सुरू झाला. वेळापत्रकात त्याला नाव ‘संवाद’ असं आहे, पण मुलं त्याला ‘नाईचा तास’ म्हणतात. करायचं काय, तर मी एकेक गोष्ट पुढं करते आणि विचारते, पाहिजे का? कारल्याची भाजी. ओला टॉवेल. सुकं खोबरं. डोक्याला तेल लावू का? हात धरू का? वाटतं सोपं. पहिले तीन महिने सगळ्या प्रश्नांना एकच उत्तर, हो. कारल्यालाही हो. कारण मॅडमला ‘हो’ आवडतं हे त्यांना पक्कं माहीत होतं, ते मीच शिकवलं होतं. ‘नाही’ म्हटलं तर मॅडम रागावत नाहीत, उलट टाळ्या वाजवतात, हे पटायला वेळ लागला. आणि पटल्यावर काय सांगू, महिनाभर शाळेत नुसता दंगा. आंघोळ? नाही. प्रार्थना? नाही. स्वयंपाकाच्या मावशी माझ्यावर चिडल्या. त्याच महिन्यात आम्हाला कळलं की आमच्यातल्या एका मुलाला पुरणपोळी आवडतच नाही. सहा वर्षं तो प्रत्येक सणाला मुकाट्यानं दोन-दोन खात आला होता.

तुम्ही म्हणाल, यात लैंगिकता कुठं आली? इथंच आली. स्वतःच्या तोंडात काय जाणार हे ज्याला ठरवता आलं नाही, त्यानं अंगावरचा हात कसा झिडकारावा?

पुढची पायरी म्हणजे कुणाला किती जवळ येऊ द्यायचं. अमेरिकेत १९८०च्या दशकात यासाठी ‘सर्कल्स’ नावाची पद्धत निघाली. मधोमध जांभळं वर्तुळ स्वतःचं, त्याबाहेर निळं मिठी मारण्याइतक्या जवळच्यांचं, मग हिरवं, पिवळं, केशरी, आणि सगळ्यात बाहेर लाल, ते अनोळखी लोकांचं. पद्धत उत्तम आहे, जगभर वापरतात. मी रंगीत कागद कापून फळ्यावर लावले. पोरांनी बघितलं आणि एकमुखानं म्हणाली, ‘भाकर!’ गोल म्हणजे भाकर. त्यांचं तरी काय चुकलं?

मग मी त्यांना एका जुन्या वाड्यात घेऊन गेले. तुमच्यातल्या पुष्कळांची असली घरं अजून उभी असतील. दिंडी दरवाजा, आत शिरलं की दोन्ही बाजूंना ढाळज, पुढं चौक, ओसरी, माजघर, कडेला न्हाणी. पोरं त्या वाड्यात दिवसभर बागडली. मग आम्ही ठरवलं, कुणी कुठवर यायचं. न्हाणीत एका वेळी एकच माणूस. माजघरात आई, आजी, बहीण. ओसरीवर मामा, काका, मास्तर. ढाळजेत पाहुणे, दुकानदार, केळी वाटणारे साहेब. बाकी गाव दाराबाहेर, त्यांना लांबून रामराम. शाळेत परत आल्यावर पुठ्ठ्याचा वाडा केला आणि प्रत्येकानं आपापल्या माणसांचे फोटो त्यात लावले.

आता यात एक मोठी गोम आहे, ती अमेरिकेतल्या वर्तुळांतही आहे. आपण पोरांना दाराबाहेरच्या माणसाची भीती घालतो. पण नोंदवलेल्या बलात्काराच्या गुन्ह्यांत आरोपी ओळखीचा असण्याचं प्रमाण आपल्या देशात वर्षानुवर्षं नव्वद टक्क्यांच्या वर आहे. म्हणजे धोका माजघरात आणि ओसरीवर आहे. म्हणून वाड्याचा दुसरा नियम शिकवावा लागला: माणसाची खोली कायमची नसते. वाईट वागला तर माजघरातला माणूसही उचलून ढाळजेत ठेवता येतो, ढाळजेतला बाहेर. फोटो हलवायचा हक्क ज्याचा वाडा त्याचा.

एका मुलीनं एक दिवस ओसरीवरचा एक फोटो काढून दिंडी दरवाज्याबाहेर पालथा ठेवला. पालकसभेला आलेल्या आईनं तो उचलून, पुसून, पुन्हा ओसरीवर लावला. मुलीनं पुन्हा बाहेर ठेवला. आईनं पुन्हा आत. तिसऱ्या वेळी आईचा हात थांबला. पुढचं मी सांगणार नाही, ती गोष्ट त्या मुलीची आहे. एवढंच सांगते की त्या मुलीला चार शब्दांच्या वर वाक्य जुळवता येत नाही, आणि तिनं सगळं सांगितलं.

आता पाळीचं. आपल्या भाषेत मुलीला पहिलं न्हाण आलं की म्हणतात, पोरगी शहाणी झाली. बघा ना, ज्या लेकीला गावानं जन्मभर येडी म्हटलं, तिला पाळी आली की तेच गाव म्हणतं, शहाणी झाली. आणि तिची आई त्याच आठवड्यात माझ्याकडं येते: ‘मॅडम, पिशवी काढून टाकावी म्हणते. हिला काय लेकरू व्हायचंय का लग्न व्हायचंय? रोजचं धुणं कोण करावं?’

या आईला नावं ठेवायला मी इथं उभी नाही. तिचं वय होत आलंय, नवरा उसाला जातो, घरात पाण्याचा हंडा मोजून वापरतात. आणि मराठवाड्यात ‘पिशवी काढली’ हे वाक्य दाढ काढल्यासारखं बोललं जातं. २०१९ साली बीड जिल्ह्यात ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची चौकशी झाली, तेव्हा ८२ हजारांच्या वर स्त्रियांच्या पाहणीत १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. धडधाकट, कमावत्या बायकांची ही गत, तर माझ्या पोरींचं कोण विचारतो?

विचारलं होतं, एकदा. १९९४च्या फेब्रुवारीत. पुणे जिल्ह्यातल्या शिरूरच्या शासकीय वसतिगृहातल्या मतिमंद मुली आणि स्त्रियांना पुण्याच्या ससून रुग्णालयात नेऊन त्यांची गर्भाशयं काढली गेली. अकरा जणींच्या शस्त्रक्रिया झाल्या. कारण दिलं गेलं पाळीच्या स्वच्छतेचं. स्त्री संघटनांनी राज्यभर आवाज उठवला, तेव्हा पुढच्या शस्त्रक्रिया थांबल्या. त्या वादात डॉक्टर, अधिकारी, कार्यकर्त्या, पत्रकार सगळे बोलले. दोन्हीकडच्या लोकांचं तेव्हा छापून आलेलं मी पुष्कळ वाचलंय. त्या अकरा जणींपैकी एकीचंही वाक्य मला कुठं सापडलं नाही.

पाळी शिकवता येते. अवघड आहे, अशक्य नाही. माझ्या कपाटात एक कापडी बाहुली आहे, तिला परकर-चड्डी आहे, आणि शाईच्या पाण्यानं लाल केलेल्या पॅडांचा गठ्ठा आहे. पाच चित्रं: काढ, गुंडाळ, टाक, धू, नवं लाव. भिंतीवर कॅलेंडर, त्यावर लाल टिकली. एकीला पाच महिने लागले, एकीला दीड वर्ष. एक आहे तिला अजून गुंडाळणं जमत नाही, ते मावशी करून देतात. पण टिकली कॅलेंडरवर तीच लावते. सोळाव्या वर्षी तिनं माझ्या कॅलेंडरकडं बोट दाखवून विचारलं होतं, ‘तुझी कुठंय?’ स्टाफरूममध्ये बसून मी माझ्याही कॅलेंडरवर टिकली लावली.

आणि पिशवीबद्दल एक गोष्ट आईबापांना मी नेहमी तोंडावर सांगते, इथंही सांगते. कडू आहे. पिशवी काढल्यानं अत्याचार थांबत नाही, दिवस जाणं तेवढं थांबतं. म्हणजे ज्याच्यामुळं गुन्हा उघडा पडला असता ती खूण आपणच पुसून देतो. ‘आता काही भीती नाही’ हे वाक्य आईला धीर देतं, आणि ओसरीवर बसलेल्या एखाद्यालाही देतं.

मुलांकडं वळते. मुलांबद्दल कुणी विचारत नाही. मुलगा म्हटलं की ‘त्याचं काय बिघडतंय’ असं असतं. आमच्या वर्गातला सतरा वर्षांचा एक मुलगा भर वर्गात, भर प्रार्थनेत, चड्डीत हात घालायचा. मी त्याच्या हातावर पट्टी मारली. एकदा नाही, महिनाभर. तो हात काढायचा, रडायचा, पुन्हा घालायचा. ही माझी दुसरी चूक, आणि पहिलीपेक्षा मोठी, कारण इथं मारणारा हात माझाच होता.

इथं मला र. धों. कर्वे आठवतात. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि १९२७पासून १९५३ साली मरेपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक एकट्याच्या बळावर चालवलं. १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, तो वाचकांच्या प्रश्नांना छापलेल्या उत्तरांवरून. त्यांच्या बाजूनं कोर्टात उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरले, दंड भरावा लागला. मला त्यात लक्षात घेण्यासारखं हे वाटतं की खटला उत्तरांवर झाला. प्रश्न लोकांना होतेच, ते पोस्टानं येतच होते. आणि आपण काही फार पुढं आलोय असं समजू नका. २००७ साली आपल्याच विधानसभेत गदारोळ झाला आणि शाळांमधलं किशोरवयीन मुलांसाठीचं लैंगिक शिक्षण थांबवलं गेलं. तेही डोळ्यांनी दिसणाऱ्या, कानांनी ऐकू येणाऱ्या, वाचता येणाऱ्या मुलांचं.

कर्व्यांच्या वाचकांना पत्र लिहिता येत होतं. माझ्या पोरांना येत नाही. त्यांचे प्रश्न अंगातून बाहेर पडतात आणि आपण त्याला खोड म्हणतो.

त्या मुलाला ‘नको’ हे शिकवून उपयोग नव्हता. ‘कुठं’ हे शिकवायचं होतं. पुस्तकात लिहिलेलं असतं, त्याला सांगा की हे आपल्या खोलीत, दार लावून. छान चित्र असतं, पलंग, पडदा, बंद दार. मी त्याच्या घरी गेले. दोन खोल्या, सात माणसं. दार एकच, तेही दिवसभर उघडं. न्हाणीला दार म्हणून पोतं टांगलेलं. आता ‘एकांत’ कुठल्या चित्रात दाखवू? त्याच्या वडिलांशी मी ओट्यावर बसून बोलले. ते खाली मान घालून ऐकत होते. मला वाटलं, आता उठून जातील. पंधरा दिवसांनी गेले तर पोत्याच्या जागी पत्र्याचं दार होतं, आतून कडी. वडील एवढंच म्हणाले, ‘कडी लावली की कुणी हाक मारायची नाही, असं सांगितलंय घरात.’ एकाही कार्यशाळेत मी याहून चांगलं ऐकलेलं नाही. वर्गातला त्याचा प्रकार दोनेक महिन्यांत जवळजवळ थांबला.

आता ज्याच्यावाचून मला बिलोलीत बोलताच येणार नाही ते. डिसेंबर २०२०मध्ये याच गावात एका मूकबधिर तरुणीवर अत्याचार होऊन तिची हत्या झाली. तुमच्यातल्या कित्येकांनी तेव्हा मोर्चात पावलं टाकली आहेत. मी तिचं नाव घेणार नाही, कायद्यानं घेऊ नये आणि मनानंही घेऊ नये. आणि एक सांगून ठेवते: तिला अमुक शिकवलं असतं तर ती वाचली असती, असं कुणी म्हणू लागला तर त्याला माझ्या नावानं थांबवा. ते बोलणं म्हणजे पुन्हा तिलाच दोष. मारणाऱ्याच्या शिक्षणाचा प्रश्न वेगळा आहे, तो धडधाकट मुलांच्या शाळांचा आहे.

पण त्यानंतर आमच्याकडं काय घडलं ते सांगायलाच हवं. करोनामुळं शाळा बंदच होत्या. पालकांचे फोन येऊ लागले, ‘मॅडम, आता उघडली तरी पोरीला पाठवायची नाही.’ घाबरलेले होते, खरेच घाबरलेले. पुढं चार मुली परत आल्याच नाहीत. त्यातल्या एका मूकबधिर मुलीला मी वर्षभरानं बघितलं, तिच्या खुणा आटल्या होत्या. बोलायला समोर कुणी नसलं की हात विसरतात.

हे खुणांचं नीट समजून घ्या. दहा मूकबधिर मुलांपैकी नऊ अशा घरी जन्मतात जिथं बाकी सगळ्यांना ऐकू येतं. मग घरात घरच्या खुणा तयार होतात. मिशी म्हणजे बाप, नाकातली चमकी म्हणजे आजी. जेवण, पाणी, झोप, गुरं, पैसे, सगळ्याला खूण असते. पण स्वतःच्या शरीराच्या त्या भागांना, ‘दुखतंय’ आणि ‘कुणीतरी दुखवलं’ यातल्या फरकाला, ‘मला नको होतं’ याला बहुतेक घरांत खूणच नसते. कारण घरात त्यावर कधी बोलणं झालेलं नसतं. तसं बघितलं तर बोलणाऱ्यांची तरी काय ऐट आहे? मराठीत या अवयवांसाठी एक तर शिवी आहे नाहीतर जीवशास्त्राच्या पुस्तकातला शब्द आहे. मधला, आईनं लेकीला सांगावा असा साधा शब्द आपण ठेवलेलाच नाही. ‘शूची जागा’ म्हणतो आणि वेळ मारून नेतो.

दिल्लीतल्या राष्ट्रीय संस्थेनं भारतीय सांकेतिक भाषेचा कोश केला, २०२१पर्यंत त्यात दहा हजार शब्द झाले. कायदाही चांगला आहे. २०१३पासून दिव्यांग पीडितेचा जबाब दुभाषी किंवा विशेष शिक्षकाच्या मदतीनं, चित्रीकरण करून घ्यावा लागतो, आणि तोच पुढं न्यायालयात तिची सरतपासणी म्हणून धरता येतो, म्हणजे तिला सगळं पुन्हा सांगायला लावायचं नाही. फौजदारी प्रक्रियेच्या नव्या संहितेतही हे आहे. पण जिल्ह्याहून आलेला दुभाषी कोशातली भाषा जाणतो आणि पोरगी तिच्या आईच्या खुणांमध्ये बोलते. मी स्वतः एका जबाबाला विशेष शिक्षक म्हणून बसलेय. कोणत्या ठाण्यात ते सांगत नाही. अडीच तास मुलगी एकच खूण करत होती, तळहातावर बोट घासायची. दुभाष्यानं त्याचा अर्थ ‘लिहायचंय’ असा घेतला, मी ‘पुसायचंय’ असा. शेवटी आजीला आत बोलावलं. आजी म्हणाली, ‘ते पिठाची गिरणी म्हणतंय.’ जागा कळली. खूण अडीच तास आमच्या समोर होती.

इथवर सगळं ‘नाही’चं झालं. पण माणसाला नुसतं ‘नाही’ शिकवून सोडलं तर तो एक नवा तुरुंग होतो. माझ्या मुलांना ‘हो’ म्हणायचंय. कुणावर तरी जीव जडतो त्यांचा, वहीत नाव काढतात, एकाच बाकावर बसायचं म्हणून भांडतात. आपण तेवढ्यावर हसतो. ‘चौकट राजा’ बघताना थिएटरात रडणारे आम्ही, घरी परतल्यावर म्हणतो, त्यांना कुठं तसलं काही असतं, देवाची लेकरं ती.

न्यायालयं आपल्या पुढं गेलीत. २००९ साली चंडीगडच्या एका नारीनिकेतनात बलात्कारातून दिवस गेलेल्या सौम्य मतिमंद अनाथ मुलीच्या गर्भपाताचा आदेश सर्वोच्च न्यायालयानं थांबवला, कारण तिला ते मूल हवं होतं. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याचं दहावं कलम सांगतं की प्रजनन आणि कुटुंबनियोजनाची माहिती त्यांना मिळालीच पाहिजे, आणि त्यांच्या मोकळ्या, समजून दिलेल्या संमतीशिवाय मूल होणं थांबवणारी कोणतीही वैद्यकीय प्रक्रिया करायची नाही. आणि जानेवारी २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयात एक वडील आपल्या २७ वर्षांच्या मुलीचा गर्भपात करून मागत होते. मुलीला मूल हवं होतं. न्यायालयानं विचारलं, सरासरीहून कमी बुद्धीच्या व्यक्तीला आई व्हायचा हक्क नाही का? मुलीनं तिच्या माणसाचं नाव सांगितलं होतं. न्यायालयानं आईवडिलांना सांगितलं, त्याला जाऊन भेटा, लग्नाचं बोला. कोर्टानं सोयरीक जुळवायला लावली, असं आमच्या स्टाफरूममध्ये कुणीतरी म्हणालं. मला तो विनोद आवडला.

सरकारचीही एक योजना आहे. २०१४ सालच्या निर्णयानुसार दिव्यांग आणि अव्यंग व्यक्तींनी एकमेकांशी लग्न केलं तर ५० हजार रुपये ठरवले गेले. त्याचे तुकडे बघा: २५ हजारांचं बचत प्रमाणपत्र, २० हजार रोख, साडेचार हजारांचं संसारोपयोगी साहित्य आणि ५०० रुपये स्वागत समारंभाला. भांड्यांचासुद्धा हिशेब लिहिला होता. नवराबायकोनं एकमेकांशी कसं वागावं, मूल कधी हवं, नको असेल तर काय करावं, हे त्या दोघांना कुणी सांगावं याचा त्यात एक रुपयाही नव्हता. आणि दोघंही दिव्यांग असतील तर त्या निर्णयात तुम्ही बसतच नव्हता.

आमच्या शाळेतून शिकून गेलेल्या एका मूकबधिर मुलाचं लग्न मागच्या वर्षी झालं, मुलगीही मूकबधिर, निजामाबादकडची. तीन वर्षं व्हिडिओ कॉलवर ओळख. दोन्ही घरं अडून बसली, बहिरेपणावरून नाही हो, पोटजातीवरून. ते आपल्याकडं आधी असतं. शेवटी जमलं. लग्नाच्या आधी दोघं माझ्याकडं आली. मी त्यांना चित्रांची पुस्तिका, निरोध आणि एका डॉक्टरबाईंचा पत्ता दिला. मुलगी लाजेल असं मला वाटलं होतं, मुलगाच लाजला. तिनं तेवढ्यात माझ्या कपाटातली बाहुली बघितली, हातात घेतली आणि त्याला खुणेनं विचारलं, ‘आपल्याला?’ त्यानं दोन बोटं दाखवली, मग घाईनं एक खाली घेतलं.

मांडवात अंतरपाटाच्या दोन्ही बाजूंना दोघं. मंगलाष्टकं चालू, ऐकू कुणालाच येत नाही. अक्षता डोक्यावर पडल्या की कळायचं, एक कडवं झालं. ‘सावधान’ कधी म्हणणार ते कळावं म्हणून दोघंही मान वळवून माझ्या हाताकडं बघत होती, आणि फोटोग्राफर ओरडत होता, ‘इकडं बघा, इकडं बघा!’

बराच वेळ घेतला. आयोजकांनी दोनदा घड्याळ दाखवलंय. निघण्याआधी एक खुलासा करते. पत्रिकेवर माझ्या नावाखाली ‘विद्यार्थिनीसह’ असं छापलंय. कॅलेंडरवर टिकली लावणारी आमची ती मुलगी आज माझ्याबरोबर येणार होती. तिच्या आईनं परवानगी दिली, शाळेनं दिली, नवा ड्रेसही आणला. सकाळी गाडी दारात आली तेव्हा मी तिला विचारलं, ‘बिलोलीला येतेस ना? पुष्कळ लोक असतील, तुझ्या टिकलीबद्दल सांगू.’ तिनं ड्रेसकडं बघितलं, गाडीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि म्हणाली, ‘नाई.’

म्हणून मी एकटीच आले.